फालेझ : कातडी कमावणाऱ्याच्या नातवाचे गाव

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात, काँ शहराच्या दक्षिणेला सुमारे 35 किलोमीटरवर, फालेझ नावाचे आठेक हजार वस्तीचे गाव आहे. गावाच्या मुख्य चौकात विल्यमचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आहे. लुई रोशे या शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा 1851 मध्ये उभा राहिला. घोड्याने पुढचे पाय उचललेले आहेत आणि स्वाराच्या हातात निशाण आहे. 1066 मध्ये इंग्लंड जिंकणारा हा विल्यम याच गावात जन्मला. चौथऱ्याभोवती, त्याच्यापेक्षा बऱ्याच खालच्या पातळीवर, त्याच्या आधीचे नॉर्मंडीचे सहा ड्यूक, म्हणजे प्रांताचे धनी, उभे आहेत, ते 1875 मध्ये बसवले गेले: रोलो, विल्यम लाँगस्वर्ड, पहिला, दुसरा आणि तिसरा रिचर्ड, आणि विल्यमचा बाप रॉबर्ट. व्हायकिंग लुटारूंपासून ख्रिस्ती राजपुरुषांपर्यंतचा सव्वाशे वर्षांचा प्रवास चौथऱ्याला एक फेरी मारली की डोळ्यांखालून जातो.

या सातांत बाई एकही नाही. ही तक्रार मी आजच्या काळाचा चष्मा लावून करत नाही. या घराण्याचे व्हायकिंगपण सर्वांत जास्त काळ कशात टिकले असेल, तर ते या पुरुषांच्या बायकांशी असलेल्या नात्यांत टिकले, आणि चौथऱ्यावरून नेमके तेच गाळले गेले आहे.

व्हायकिंगांची गोष्ट नॉर्मंडीत नेहमी नदीपासून सुरू होते. 841 मध्ये त्यांची जहाजे सीन नदीतून वर आली आणि त्यांनी रूआँ शहर जाळले. पुढची साठ-सत्तर वर्षे हा मुलूख लुटला जात राहिला. 885 मध्ये तर त्यांनी पॅरिसलाच वेढा घातला. 911 च्या उन्हाळ्यात शार्त्रपाशी रोलोचा पराभव झाला, आणि त्यानंतर फ्रँक राजा तिसरा चार्ल्स याने वेगळाच मार्ग काढला: चोरालाच राखणदार नेमले. सीनच्या मुखाजवळचा प्रदेश रोलोला द्यायचा, त्याने बाप्तिस्मा घ्यायचा आणि मागून येणाऱ्या इतर व्हायकिंगांना अडवायचे, असा तो सौदा होता. त्या कराराचा कागद आज उपलब्ध नाही. आहे ती 918 ची एक राजाची सनद, जिच्यात 'सीनच्या नॉर्मनांना, म्हणजे रोलो आणि त्याच्या सोबत्यांना' राज्याच्या रक्षणासाठी दिलेल्या जमिनीचा ओझरता उल्लेख आहे. एवढ्या मोठ्या घटनेचा पुरावा म्हणजे दुसऱ्याच एका दानपत्रातले हे एक पोटवाक्य. रोलोने राजाच्या पायाचे चुंबन घ्यायला नकार दिला आणि त्याच्या शिपायाने तो पाय इतका वर उचलला की राजा उताणा पडला, ही सगळ्यांना ठाऊक असलेली कथा मात्र ड्यूकांच्याच आश्रयाने लिहिणाऱ्या दूदो नावाच्या धर्मपंडिताची आहे, आणि ती लिहिली गेली तेव्हा त्या घटनेला शंभरेक वर्षे उलटून गेली होती.

फालेझचा परिसर या पहिल्या दानात नव्हता. तो 924 च्या सुमाराला, बायोच्या आसपासच्या मुलुखाबरोबर, रोलोच्या ताब्यात आला असे इतिहासकार मानतात. म्हणजे फालेझला 'व्हायकिंगांचे गाव' म्हणताना थोडे सांभाळूनच बोलायला हवे. खरी व्हायकिंग वस्ती किनाऱ्याला आणि कोताँताँ द्वीपकल्पात झाली. तिथल्या गावांच्या नावांत, ओनफ्लरच्या 'फ्लर'मध्ये आणि ब्रिकबेकच्या 'बेक'मध्ये, ती आजही ऐकू येते. फालेझ समुद्रापासून दूर, आत खडकावर वसलेले आहे. त्याच्या नावाचा अर्थच मुळी कडा असा आहे आणि तो शब्द उत्तरेकडच्या दर्यावर्दींचा नसून त्यांच्या आधीच्या फ्रँकांचा आहे. इथे व्हायकिंग आले ते होडीतून उतरून नव्हे, तर सुभेदार होऊन.

आणि आले तेव्हा त्यांचे उत्तरेकडचे सामान त्यांनी बहुतेक वाटेतच सोडून दिले होते. नॉर्मंडीच्या मातीत व्हायकिंग वस्तू आश्चर्य वाटावे इतक्या थोड्या सापडतात. पीत्रजवळच्या एका थडग्यात मिळालेल्या दोन लंबगोल पिना, नद्यांच्या गाळातून निघालेल्या काही तलवारी आणि कुऱ्हाडी, अशी मोजकीच यादी होते. भाषेचे तर त्याहून लवकर आटोपले. दूदोने नोंदवले आहे की विल्यम लाँगस्वर्डने आपल्या मुलाला, म्हणजे पहिल्या रिचर्डला, उत्तरेची भाषा शिकण्यासाठी बायोला धाडले, कारण राजधानी रूआँमध्ये तोवर फ्रेंचच जास्त बोलली जात होती. रोलोच्या नातवाला आजोबांच्या भाषेची शिकवणी लावावी लागली. परदेशात वाढणाऱ्या नातवंडांना शनिवारच्या मराठी शाळेत पाठवणाऱ्या आजी-आजोबांना यात नवल वाटणार नाही.

मग उरले काय? गावातल्या दुकानांत शिंगे असलेली शिरस्त्राणे मिळतात, पण त्यांचा व्हायकिंगांशी काडीचा संबंध नाही. ती एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन ऑपेराच्या वेशभूषेतून आली आहेत. उरली ती एक रीत. समकालीन लेखक तिला 'डेनांच्या', म्हणजे डेन्मार्ककडच्या लोकांच्या, 'चालीचे' लग्न म्हणत. चर्चचा आशीर्वाद नसलेले, पण चोरून-लपून नसलेले, घरच्यांना ठाऊक असलेले आणि मुलांना बापाचे नाव देणारे असे हे नाते असे. पहिल्या रिचर्डची आई स्प्रोता ही ब्रिटनीची बाई होती आणि ती अशीच सोबतीण होती. त्याच रिचर्डची गुन्नोर ही आधी अशीच सोबतीण होती, नंतर चर्चने मान्य केलेली पत्नी झाली, आणि तिचा मुलगा दुसरा रिचर्ड ड्यूक झाला. चौथऱ्यावरच्या त्या सहा जणांतील कित्येकांच्या जन्माला चर्चच्या नोंदवहीत जागाच नव्हती. तेव्हा फालेझमध्ये जे घडले ते घराण्याच्या सवयीला सोडून नव्हते.

इथे बारकाव्यात शिरायला हवे, कारण या गोष्टीचा रंग तिच्या तारखांत आहे. 1026 मध्ये दुसरा रिचर्ड वारला तेव्हा ड्यूकपद थोरल्याकडे, तिसऱ्या रिचर्डकडे गेले. धाकट्या रॉबर्टच्या वाट्याला फालेझच्या भोवतालचा परगणा आला. त्याने बंड केले, फालेझच्या किल्ल्यात ठाण मांडले, आणि थोरल्या भावाने वेढा घालून त्याला नमवले. वर्षभराच्या आत थोरला अचानक मेला. विषप्रयोगाची कुजबुज झाली आणि रॉबर्ट ड्यूक झाला. हर्लेव्हा, जिला गावात आर्लेत म्हणतात, रॉबर्टच्या आयुष्यात आली ती याच सुमाराला. त्यामुळे दोघांची भेट झाली तेव्हा रॉबर्ट बहुधा नॉर्मंडीचा धनी नव्हता. भावाच्या छायेतला, विशी-पंचविशीतला एक नाराज धाकटा मुलगा होता. त्याच्या अशा नात्यातून झालेल्या पोराला पुढे काही महत्त्व येईल, असे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसणार.

तिचा बाप फुल्बेर हा कातडी कमावणारा होता, असे परंपरा सांगते. काही अभ्यासकांच्या मते मूळ लॅटिन शब्दाचा रोख प्रेतांची शेवटची तयारी करणाऱ्याकडे आहे. दोन्ही धंद्यांकडे लोक नाक मुरडूनच पाहत. किल्ल्याच्या कड्याखालून आँत नावाचा लहानसा ओढा वाहतो, आणि त्या काठी कातडी कमावण्याचा धंदा शतकानुशतके चालला. हा धंदा वाहत्या पाण्याशिवाय होत नाही आणि त्याचा वास उंचावर राहणाऱ्यांना सोसवत नाही. त्यामुळे वर किल्ला आणि खाली कातडी कमावणाऱ्यांची वस्ती, ही रचना खडक आणि पाणी यांनीच ठरवून दिली होती. आजही किल्ल्यावरून पायवाटेने उतरले की आर्लेतचा झरा म्हणून दाखवले जाणारे दगडी कुंड लागते. पाणी थंड आणि स्वच्छ आहे, कडेच्या दगडांवर शेवाळ आहे. कुंडापाशी उभे राहून मान वर केली की कड्याचा उघडा खडक आणि त्याच्यावर किल्ल्याची भिंत, यांच्यात एका सरळ रेषेएवढेच अंतर वाटते. चढून जायला मात्र दम लागतो. या झऱ्यावर ती कपडे धूत होती, रॉबर्टने वरच्या खिडकीतून पाहिले आणि त्याचे मन बसले, अशी कथा आहे. वर ती खिडकीसुद्धा दाखवतात. आज उभा असलेला मनोरा या भेटीनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी बांधला गेला, ही अडचण तेवढी सांगत नाहीत.

कथेत न येणारा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रॉबर्टने हर्लेव्हाशी चर्चमध्ये लग्न केले नाही. पुढे तिचे लग्न हर्ल्विन नावाच्या एका सरदाराशी झाले. त्या संसारातला ओडो बायोचा बिशप झाला आणि दुसरा मुलगा मोर्तेंचा काउंट झाला. दोघेही 1066 च्या स्वारीत सावत्र भावाच्या खांद्याला खांदा लावून होते. 1035 मध्ये रॉबर्ट जेरुसलेमच्या यात्रेला निघाला, तेव्हा त्याने सरदारांकडून सात-आठ वर्षांच्या विल्यमसाठी निष्ठेच्या शपथा घेतल्या. परतीच्या वाटेवर निकाईयात तो वारला. आणि सरदारांनी ती शपथ पाळली, निदान नावापुरती तरी. चर्चच्या लेखी अनौरस असलेले, खालच्या वस्तीतल्या बाईचे पोर ड्यूक झाले, ते कुणी बदलाचा झेंडा उभारला म्हणून नव्हे, तर या घराण्यात असे आधीही चालत आले होते म्हणून. रोलोच्या जहाजातून उतरलेल्या गोष्टींपैकी ही शेवटची, आणि माझ्या मते सर्वांत मोठी.

नावापुरती म्हटले, कारण पुढची दहा-बारा वर्षे त्या मुलाने जे पाहिले ते भयंकर होते. त्याचे पालक एकामागून एक मारले गेले. कारभारी ऑस्बर्नचा खून तर विल्यमच्या झोपण्याच्या खोलीतच झाला. अशा काळात त्याचा मामा वॉल्टर रात्री त्याच्याजवळ झोपत असे आणि संकट दिसले की त्याला गरिबांच्या झोपड्यांत लपवत असे, असे बाराव्या शतकातल्या एका इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे. मामा म्हणजे त्याच फुल्बेरचा मुलगा. बापाकडच्या नातलगांना त्या पोराचे पद हवे होते आणि आईकडच्यांना तो जिवंत हवा होता. पुढे आलाँसाँच्या वेढ्यात तटावरच्या लोकांनी कातडी बडवून विल्यमला आजोळ आठवून दिले, तेव्हा त्याने गाव घेतल्यावर त्या लोकांचे हातपाय तोडले. आजोळचा अपमान त्याला किती झोंबत होता हे यावरून दिसते. त्याच्या स्वभावातले क्रौर्यही दिसते, आणि ते झाकायचे कारण नाही.

गंमत अशी की ही रीत तिच्याच लाभार्थ्याने मोडली. विल्यमने मटिल्डाशी चर्चमध्ये रीतसर लग्न केले आणि त्याला तिच्याबाहेरची मुले असल्याची खात्रीची नोंद नाही. त्या काळच्या राजांत ही मोठी दुर्मीळ गोष्ट होती. लहानपणी ऐकलेल्या शिव्यांचा तो परिणाम असेल, किंवा काळच बदलत चालला होता आणि चर्चची पकड घट्ट होत होती.

त्याचा धाकटा मुलगा हेन्री बापावर गेला नाही. त्याला वीसहून अधिक अनौरस मुले होती. 1106 मध्ये थोरल्या भावाला हरवून त्याने नॉर्मंडी घेतली, आणि आज फालेझला आपण जो मोठा चौकोनी मनोरा पाहतो तो याच हेन्रीने 1123 च्या सुमाराला उभारला. ही तारीख सुटी वाचली तर किल्ल्याच्या माहितीफलकावरची आणखी एक तारीख एवढेच तिचे महत्त्व. पण 1120 मध्ये 'श्वेतनौका' बार्फ्लरच्या किनाऱ्याजवळ बुडाली होती आणि तिच्यात हेन्रीचा एकुलता एक औरस मुलगा गेला होता. ज्या जागी त्याचा अनौरस बाप जन्मला, त्याच जागी, औरस वारस गमावलेला आणि अनौरस मुलांनी घर भरलेला हा राजा नवा मनोरा बांधत होता. त्या मुलांपैकी ग्लॉस्टरचा रॉबर्ट शहाणा, शूर आणि लोकांना मान्य होता. 1135 मध्ये हेन्री वारला तेव्हा फालेझचा किल्ला आणि तिथला खजिना याच रॉबर्टच्या हातात होता. शंभर वर्षांपूर्वी, 1035 मध्ये, तेवढ्यावर काम भागले असते. आता मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवण्याच्या विचाराने मूळ धरले नाही. त्यानेही हट्ट धरला नाही आणि पुढे आपल्या सावत्र बहिणीच्या हक्कासाठी तो लढत राहिला. नॉर्मंडीतले व्हायकिंग केव्हा संपले असे मला कुणी विचारले, तर मी 911 चा सौदा सांगणार नाही, 1066 सुद्धा सांगणार नाही. मी 1135 आणि फालेझ हे उत्तर देईन.

मनोऱ्यात शिरताना सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्या माणसाची नजर आधी दरवाजा शोधते. इथे गोमुखी वळणे नाहीत, बुरुजांच्या बेचक्यात लपवलेली वाट नाही. शत्रूला चकवण्याची युक्ती अगदी साधी आहे: तळमजल्याला दरवाजाच ठेवलेला नाही. तळाशी अंधारी कोठारे, आणि राहण्याचा मजला वर. तिथे जायचे ते बाजूला जोडलेल्या एका वेगळ्या इमारतीतून. भिंतींना बाहेरून चपटे, उथळ दगडी पट्टे दिलेले आहेत आणि त्यांच्यामधल्या भागात माशाच्या काट्यासारखे तिरपे रचलेले दगड दिसतात. ही घडण इंग्लंडमध्ये विल्यम आणि त्याच्या मुलांनी बांधलेल्या मनोऱ्यांची. लंडनच्या किंवा नॉरिचच्या मनोऱ्याशेजारी फालेझचे चित्र ठेवले तर कूळ लगेच ओळखू येते. म्हणजे विल्यमच्या जन्मगावाला मिळालेली ही वास्तू जिंकलेल्या देशातून परत आलेली आहे. तिला लागून दुसरा, लहान चौकोनी मनोरा इंग्लंडचा नंतरचा राजा दुसरा हेन्री याच्या काळातला आहे. पलीकडचा सुमारे 35 मीटर उंचीचा गोल बुरूज फ्रान्सचा राजा फिलिप ऑगस्ट याने 1204 मध्ये नॉर्मंडी जिंकल्यानंतर बांधला, आणि नाव मात्र लागले आहे टॅलबॉट या दोन शतकांनंतरच्या इंग्रज सेनापतीचे. मधल्या काळात इथे स्कॉटलंडचा राजा विल्यम कैदेत होता आणि 1174 च्या फालेझ तहाने त्याला आपले राज्य इंग्लंडच्या राजाचे मांडलिक करून द्यावे लागले. पंधरा वर्षांनी इंग्लंडच्या रिचर्ड राजाने दहा हजार मार्क घेऊन तो तह रद्द केला. किल्ल्याच्या बाकीच्या वेढ्यांची जंत्री कंटाळवाणी आहे, ती सोडते.

सतराव्या शतकात किल्ला ओस पडला. एकोणिसाव्या शतकात त्याची एकदा डागडुजी झाली. मग ऑगस्ट 1944 आला. नॉर्मंडीत वेढल्या गेलेल्या जर्मन सैन्याभोवती दोस्तांनी आवळलेला फास फालेझच्याच नावाने ओळखला जातो. जूनपासून बाँबफेकीने भाजून निघालेल्या गावात 16 ऑगस्टला कॅनडाचे सैनिक शिरले, तेव्हा रस्ते कुठे होते हेही त्यांना चटकन कळेना. गावाचा फार मोठा भाग जमीनदोस्त झाला. विल्यमचा पुतळा आणि किल्ल्याच्या जाड भिंती राहिल्या. 2016 पासून इथे युद्धातल्या सामान्य नागरिकांचे स्मारक-संग्रहालय आहे. नॉर्मंडीच्या लढाईत सुमारे वीस हजार नागरिक मेले, त्यांतले बहुतेक ज्यांच्या येण्याची ते वाट पाहत होते त्यांच्याच बाँबखाली. हे अवघड सत्य त्या संग्रहालयात आडपडदा न ठेवता मांडले आहे. किल्ल्याला दोन तास देणाऱ्याने तिथे एक तास द्यावा.

गावात वाद पेटला तो मात्र नंतर. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रूनो देकारिस या वास्तुशिल्पीने किल्ल्याचे काम हाती घेतले आणि ते 1997 पर्यंत चालले. प्रवेशाची जुनी इमारत पार कोसळलेली होती. तिच्या जागी त्याने जुन्यासारखी दिसणारी दगडी इमारत न बांधता राखाडी काँक्रीटचा एक ठोकळा उभा केला. आत पोलाद आणि काच वापरली. लोक खवळले. बाराव्या शतकाच्या तोंडावर विसाव्या शतकाने बंकर आणून ठेवला, अशी भावना होती, आणि ज्या गावाने खरेखुरे बंकर पाहिले आहेत तिथे ती थट्टा नव्हती. देकारिसच्या बाजूने सांगायचे तर जुन्या वास्तूत नवी भर घातली तर ती नवी म्हणून ओळखू आली पाहिजे, हे तत्त्व 1964 च्या व्हेनिसच्या सनदेपासून जगभर मान्य आहे.

मला तो ठोकळा कुरूपच वाटला. त्याच्या कडा फार करकरीत आहेत आणि पावसाच्या पाण्याने त्याच्यावर जे ओघळ उठतात ते दगडावरच्या ओघळांसारखे मुरत नाहीत, डागासारखे दिसतात. पण आत गेल्यावर मत थोडे हलले. काचेच्या जमिनीतून खालचे मूळ दगड दिसतात, भिंतीत तुळया बसवण्याची बाराव्या शतकातली भोके तशीच उघडी ठेवली आहेत, आणि हेन्रीची भिंत नेमकी कुठे संपते ते बोट ठेवून दाखवता येते. खालच्या चौकातल्या पुतळ्यांबाबत ही सोय नाही; तिथे 1875 सालचा रोलो दहाव्या शतकाचा म्हणून उभा आहे आणि त्याच्या नाकाडोळ्यांबद्दल कुणाची तक्रार नाही. खऱ्या रोलोबद्दल आपल्याला इतके थोडे ठाऊक आहे की तो डेन्मार्कचा की नॉर्वेचा, हेही ठरत नाही. त्याचा निकाल लावण्यासाठी 2016 मध्ये फेकाँच्या मठातल्या पहिल्या आणि दुसऱ्या रिचर्डच्या शवपेट्या उघडून हाडांचे नमुने घेतले. तपासणीत निघाले की ती हाडे रिचर्डांची नाहीतच. ती रोलोच्याही आधी शेकडो वर्षे होऊन गेलेल्या माणसांची आहेत.

आता नॉर्मंडी प्रांताने विल्यमच्या जन्माची सहस्राब्दी 2027 मध्ये मोठ्या थाटात साजरी करायचे ठरवले आहे. जन्मसाल 1027 की 1028, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. फालेझच्या हॉटेलवाल्यांच्या आणि दुकानदारांच्या हा घोळ पथ्यावरच पडेल. सोहळा दोनदा करायला त्यांची काही हरकत दिसत नाही.